मूळ प्रणालीत काय ठेवावे

एकदा एक वृद्ध संगणकतज्ज्ञ आपल्या शिष्यावर मोठे काम सोपवून स्वस्थ बसले. दोघे मिळून डोंगराळ भागातील शाळांसाठी लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची एक आवृत्ती तयार करीत होते. तिच्या मूळ प्रणालीत कोणती पॅकेजेस (तयार प्रोग्राम) असावीत, म्हणजे प्रत्येक संगणकात आरंभीच काय उतरावे, हे शिष्याने ठरवायचे होते. बाकीचे ज्याने त्याने इंटरनेटवरून घ्यावे.

शिष्य हुशार, पण एका जागी बसेल तर शपथ! प्रोग्राम लिहिणारा जो तो आपले पॅकेज आत घुसवू पाहत होता, त्यामुळे तो चिडला होता. त्याने खेळ काढले, चित्रे रंगवायचे साधन काढले आणि त्याच भरात वायफाय जोडून देणारे पॅकेजही काढून टाकले. ज्याला हवे तो उतरवून घेईल, असे तो सर्वांना ऐकवी. आता याला काय म्हणावे!

बाहेरच्या बाकावर एका दुर्गम शाळेच्या शिक्षिका कमलजाबाई ही प्रणाली पेनड्राइव्हवर नेण्यासाठी थांबल्या होत्या. शाळेतले संगणक बंद पडून होते आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांना पुन्हा शहरात येणे शक्य नव्हते. चारची एसटी गाठायची म्हणून त्या सारख्या घड्याळ पाहत. त्यांची घालमेल पाहून शिष्यही घाई करू लागला.

तेवढ्यात वृद्ध उठले. चाचणीसाठी ठेवलेल्या कोऱ्या संगणकाची इंटरनेटची केबल त्यांनी काढून खिशात घातली आणि शिष्याला म्हणाले, यावर तुझी प्रणाली टाक आणि वायफायला जोड.

शिष्य मनातून वैतागला. ऐन घाईत ही कसली परीक्षा? तरी त्याने प्रणाली टाकली. ती झटक्यात बसली. वायफाय जोडायला गेला, तर साधनच नाही. ते उतरवून घ्यायला गेला, तर इंटरनेट नाही.

वृद्ध म्हणाले, "खेळ काढलेस ते योग्यच केलेस. ते उद्याही आणता येतील. पण बाळा, पाणी विहिरीवर मिळते, दोर घरूनच न्यावा लागतो. तुझ्या टेबलाला केबल आहे, म्हणून तुला दोर आठवला नाही."

शिष्य बाहेर आला. बाई सकाळपासून तिथे बसल्या होत्या आणि त्याने त्यांना काहीच विचारले नव्हते.

"बाई, शाळेत इंटरनेट कुठून येतं?"

"शेजारच्या ग्रामपंचायतीचं वायफाय आहे ना. आमच्याकडे केबल कुठली?"

शिष्याला फार लाज वाटली. त्याने ते पॅकेज परत घातले आणि कोऱ्या संगणकावर पुन्हा सगळे तपासून पाहिले. तोवर चारची गाडी निघून गेली. पेनड्राइव्ह हाती देताना त्याने बाईंची क्षमा मागितली.

बाई म्हणाल्या, "एसटी काय, सकाळीही आहे. पण तिथे जाऊन अडलं असतं, तर दिवाळीपर्यंत मी मुलांना काय सांगितलं असतं?"

काही वगळण्याआधी, ज्याला ते वापरायचे आहे त्याला एकदा विचारावे.