घागरीच्या आतला सांधा

एकदा एका वृद्ध तांबटाने आपला चालता कारखाना शिष्याच्या हाती सोपवला. आळीत सगळे त्या वृद्धाला वस्ताद म्हणत. शिष्य हुशार होता, वाणीचा गोड होता, व्यापारी त्याच्यावर खूश असत. तीन वर्षे तो पुढच्या ओटीवर बसून सौदे करत होता. मागे ठोके पडत, भट्टी धगधगे, घडलेला माल गाडीत चढे. यात आपले काही पाहायचे राहून गेले आहे, असे त्याला कधी वाटले नाही.

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली. शिष्याने सर्व कारागिरांना ओळीने उभे केले, प्रत्येकाला एकेक शेला दिला आणि प्रत्येकासाठी दोन गोड वाक्ये बोलला. ही रीत फार जुनी आहे आणि फार सोयीची आहे. सोय देणाऱ्याची, घेणाऱ्याची नव्हे. वयोवृद्ध नारोबा पुढे आले तेव्हा शिष्य म्हणाला, "नारोबाकाकांच्या हातोडीचा ठोका पाहा. घागर कशी आरशासारखी चकाकते."

मंडळी हसली. नारोबांनी तीस वर्षांत ठोक्याची हातोडी धरली नव्हती. घागरीचा गळा वेगळा घडतो, पोट वेगळे घडते. ती दोन्ही विस्तवावर एकजीव करणे, सांधा झाळणे, हे त्यांचे काम. ठोका होता येसाजीचा. येसाजीच म्हणाला, "काका, घ्या माझी हातोडी. मी जातो घरी झोपायला." पुन्हा हशा.

नारोबांनी शेल्याची नीट घडी घातली आणि ऐरणीवर ठेवली. "हातातल्या घागरी पुऱ्या करतो. दिवाळीनंतर मी येणार नाही." एवढेच बोलून ते भट्टीकडे वळले.

शिष्य वस्तादांकडे धावला. सांधा सुटलेली घागर म्हणजे नुसता पत्रा. नारोबा गेले की कारखान्याचे नावही जाणार, हे त्याला पुरते कळत होते.

"वस्ताद, चूक झाली. उद्या सगळ्यांसमोर क्षमा मागतो. भरजरी शेला देतो. त्यांच्या सांध्याची मनापासून स्तुती करतो."

"तो सांधा पाहिलायस?"

"म्हणजे... उत्तम असतो असं सगळेच म्हणतात."

वस्ताद म्हणाले, "उद्यापासून ओटीवर बसू नकोस. नारोबाचा भाता ओढ. आणि त्याची स्तुती करायची नाही. एक शब्दसुद्धा नाही."

"अहो, स्तुती चुकली म्हणून तर ते निघालेत. आणि आता ती करूच नको म्हणता?"

"तोंड मीट आणि डोळे उघड. जा."

शिष्याला काही उमगले नाही, पण आज्ञा मोडायची त्याची छाती नव्हती. तो भात्याशी बसला. पहिले तीन दिवस नारोबा त्याच्याशी "ओढ" आणि "थांब" यापलीकडे बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "हळू. घागर आहे, चिता नाही."

शिष्य पाहत गेला. सांध्यावर टाकणखाराची पूड आणि पितळेचा कीस बसवायचा. तांबे लाल होऊ लागले की कीस वितळतो आणि त्याचा रस सांध्याभोवती पाण्यासारखा धावतो. त्याच क्षणी घागर विस्तवातून काढायची; एका श्वासाचा उशीर झाला तर धातू जळतो. नारोबा त्या वेळी श्वासच घेत नसत. मग घागरीत पाणी भरून सांध्यावर बाहेरून कोरडी राख चोळायची. राख ओली झाली, तर सांधा गळका.

दहाव्या दिवशी एका घागरीची राख रात्रभर कोरडी राहिली. सकाळी नारोबांनी तिच्यात बोट फिरवले, पाणी ओतून दिले आणि ती पुन्हा विस्तवावर ठेवू लागले.

शिष्याला राहवेना. "काका, थेंबभरही गळली नाही. पुन्हा का झाळता?"

नारोबांनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले. "बोट घाल आत. डाव्या अंगाला."

"खरखरीत लागतंय."

"तिथं रस पोचला नाही. आज पाणी राहील. दोन वर्षांनी विहिरीच्या काठावर आपटली की तिथंच फाटेल. मला शिव्या द्यायला कोणी येणार नाही. त्या बाईला माझं नाव कुठं ठाऊक? पण मला ठाऊक असेल ना."

शिष्याने पुढे प्रश्न विचारले. नारोबा दुपारपर्यंत बोलत राहिले.

संध्याकाळी शिष्याने हे वस्तादांना सांगितले. ते म्हणाले, "तू दिलेला शेला नारोबासाठी नव्हता. तो तू आपल्याच उदारपणाला पांघरला होतास. प्रत्येकाच्या कामात एक जागा अशी असते, जिथं त्याला सहज लबाडी करता आली असती आणि त्यानं केली नाही. ती जागा धन्याला ठाऊक हवी. ती न पाहता केलेली स्तुती म्हणजे परक्यानं पाठीवरून फिरवलेला हात. माणूस अंग चोरतो. भाता ही शिक्षा नव्हती रे. भात्यापासून दिसतं ते ओटीवरून दिसत नाही."

"मग आता बोलू का?"

"आता तुझ्याजवळ बोलण्याजोगं काहीतरी आहे. थोडंच बोल."

दिवाळीच्या आदल्या दिवशी एक व्यापारी घागरी न्यायला आला. शिष्याने पुढे केलेली एक उचलून म्हणाला, "वा, काय झळाळी आहे."

"झळाळी येसाजीची," शिष्य म्हणाला. "पण गळ्याच्या आत बोट फिरवून पाहा. नारोबाकाकांनी तो सांधा दोनदा झाळलाय. पहिल्या खेपेला गळत नव्हता, तरी."

व्यापाऱ्याने बोट फिरवले. पुन्हा फिरवले. "इथं तर काहीच लागत नाही."

"हो. तेच त्यांचं काम."

हे मागे भट्टीपर्यंत ऐकू गेले. ठोका थांबवून येसाजीने नारोबांकडे पाहिले. हसला मात्र नाही. नारोबांनी मान वर केली नाही. हातातल्या घागरीवर राख चोळून झाली, हात झटकले आणि मग त्यांनी ओटीच्या दिशेने हाक दिली.

"अरे, कोळसा संपत आलाय. दिवाळीनंतरचा आत्ताच मागवून ठेव. आणि मागच्या वेळचा ओला होता, तसला नको."