शेंड्यावरचा पहारेकरी

फार वर्षांपूर्वी बाभळीच्या बनात सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. सगळे आळीपाळीने पहारा देत आणि एकमेकांना चिकटून झोपत. त्यांतल्या केरबाचा मात्र इतरांच्या पहाऱ्यावर विश्वास नव्हता. त्याने शेंड्यावरची जागा कायमची बळकावली आणि झोपच सोडली. थव्याने कौतुकाने त्याला ‘मुख्य पहारेकरी’ केले. मग तर खाली उतरणे त्याला कमीपणाचे वाटू लागले.

एका दुपारी त्याला अगदी जवळ पंखांची धडधड ऐकू आली. “ससाणा आला रे!” तो किंचाळला. सगळे काट्यांत शिरले. आकाश रिकामेच होते. पुढे हे रोजचेच झाले.

अखेर थव्यातली थोरली भागूआक्का वर आली आणि तिने त्याच्या छातीला कान लावला.

“अरे बाबा, ही धडधड तुझ्याच काळजाची आहे! असाच जागत राहिलास तर एक दिवस ते बंद पडेल. खाली चल.”

“मग थव्याचं कसं होणार?”

“आम्ही बाकीचे काय आंधळे आहोत?”

कुरकुरत तो भावंडांमध्ये शिरला. त्यांच्या उबेत धडधड हळूहळू शमली. पेंगता पेंगता तो ऐटीत पुटपुटला, “पाहिलंत? मला घाबरून पळाला ससाणा.”

“हो हो, पहारेकरीसाहेब,” आक्का म्हणाली आणि शेंड्यावर जाऊन बसली.