हिंवाईच्या कानटोपीची कहाणी

ऐका हिंवाई माते, तुझी कहाणी. डोंगराच्या पोटाशी एक आटपाट नगर वसलं होतं. तिथं थंडी फार. पौषात रांजणातलं पाणी थिजे, फांदीवरचं पाखरू बसल्या जागी गळून पडे.

त्या नगरात बायांचा एक मेळा होता. मार्गशीर्ष लागला की बाया देवळाच्या ओवरीत जमत, लोकर नि सुया घेऊन बसत. कोणी कानटोप्या विणी, कोणी गळपट्ट्या विणी, कोणी पायमोजे विणी. कुणासाठी? ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी. पौषी पुनवेला टोपल्या भरत, वेशीबाहेर हिंवाईच्या शिळेवर ठेवत, मागं न पाहता घरी येत. मग रानातली उघडी माणसं त्यातलं हवं ते घेऊन जात.

मेळ्यात वडील होती बयोकाकू. नवी बाई आली की ती हाती सुया देई नि सांगे, "उतू नको, मातू नको, परक्यासाठी घातलेला टाका आपल्याकडे ओढू नको."

त्या मेळ्यात कासाराची सून भिवरा होती. तिला एकुलती लेक, राही. एके वर्षी भिवरेनं लाल लोकरीची कानटोपी विणली. टाका असा, जसा डाळिंबाचा दाणा. मग तिच्या मनात आलं, "ही रानात जायची, कुणाच्या मळक्या डोक्यावर बसायची. माझ्या राहीला किती शोभेल!" मग तिनं लाल टोपी पदराखाली लपवली. उरल्यासुरल्या धाग्यांची दुसरी विणली. ढिली विणली, विरविरीत विणली, शेवटची गाठसुद्धा मारली नाही. टोपलीच्या तळाशी ती घातली, वर दुसऱ्यांचे मोजे रचले.

पुनव झाली, टोपल्या गेल्या. राही लाल टोपी घालून अंगणात मिरवली.

मग दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दाराशी हाक आली, "बाई, माझं लेकरू कुडकुडतंय."

भिवरेनं फटीतून पाहिलं. पांढरं लुगडं दिसलं, तोंड दिसेना. पाय टेकले होते तिथली माती तडकली होती. ती घाबरली, म्हणाली, "माझ्याकडे जास्तीचं काही नाही." हाक गेली. आत राही म्हणाली, "आई, माझे कान कुठं गेले?" भिवरेनं टोपीखाली हात घातला. कान बर्फासारखे.

पुढच्या सांजेला पुन्हा हाक आली, "बाई, माझं लेकरू निळं पडलं." भिवरेनं कडी घट्ट केली. "जास्तीचं काही नाही, माय." चूल विझली, फुंकून पेटेना. राही म्हणाली, "आई, माझे पाय कुठं गेले?"

तिसऱ्या खेपेला तांबडं फुटता फुटता हाक आली, "बाई, माझं लेकरू आता रडत नाही." भिवरा राहीपाशी धावली. तिनं राहीकडे पाहिलं. राही काहीच बोलली नाही.

मग भिवरा धावत बयोकाकूकडे गेली, पायांवर पडली, घडलं ते सांगितलं. काकूचा चेहरा उतरला. ती मेळ्यातल्या बायांना घेऊन आली नि म्हणाली, "टोपी काढ. जिची आहे तिला नेऊन दे."

नवरा आडवा आला. "अशा थंडीत पोरीचं डोकं उघडं करतेस? पोर जाईल!"

"काकू, जाईल का हो?"

"मला ठाऊक नाही, भिवरे. ती टोपी तिला ऊब देत नाही, एवढं दिसतंय."

भिवरेनं नवऱ्याला बाजूला सारलं. टोपी काढली. बायांनी राहीला मधे घेतलं, अंगाला अंग लावून बसल्या. भिवरा निघाली.

बाहेर धुकं. तडकलेल्या मातीची पावलं पुढं पुढं जात होती. वेस मागं पडली, शिळा मागं पडली, रान लागलं. रानात कोळसे पाडणाऱ्यांची एक खोप होती. आत एक बाई मांडीवर तान्ही पोर घेऊन बसली होती. पोरीच्या डोक्यावर टोपी कसली, टाके सुटून जाळी झालेली. कान काळेनिळे.

बाई म्हणाली, "वेशीवर मिळाली हो. कोण्या माउलीनं दिली, तिचं भलं होवो. पण पोर रडत नाही."

"ती मीच. मला दुवा देऊ नको," भिवरा म्हणाली. तिनं लाल टोपी पोरीला घातली, चोळी सोडून तिला उराशी धरली. बाई निखारे फुंकू लागली. पोर हलेना. पाठीमागून गार वारा आला, वाऱ्यातून आवाज आला, "भिवरे, काळजी कुणाची वाटते? तुझ्या लेकीची, की हिची?"

भिवरेनं मागं पाहिलं नाही. ती रडत म्हणाली, "माते, आता मला दोघी वेगळ्या सांगता येत नाहीत."

आणि पोर टाहो फोडून रडली.

मग भिवरा घरी पळत आली. उंबऱ्यात पाय थबकला, आत जायचा धीर होईना. आतून राहीचा आवाज आला, "काकू, पेज आणखी वाढा." भिवरा तिथंच खाली बसली.

हिंवाई माते, जशी भिवरेवर कोपलीस तशी कुणावर कोपू नको. जशी त्या दोन्ही लेकरांना पावलीस तशी तुम्हां-आम्हां ऐकणाऱ्यांच्या लेकरांना पाव. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरीं विणली, गाठ मारून सुफळ झाली.