मधलं पान

“...तर सांगा महाराज, शेवट माझ्या हातून का होत नाही?”

“कशाचा शेवट?”

“खेळांचा. व्हिडिओ गेमचा.”

ओसरीवर बसलेल्यांपैकी दोघं-तिघं हसले. सीना नदीकाठच्या आमच्या मठात माणसं काय काय दुःखं घेऊन येतात. पण चाळिशी उलटलेला, कानाजवळ केस पिकलेला साहेब खेळाचं गाऱ्हाणं घेऊन आलेला मीही पहिल्यांदाच पाहत होतो.

हरगीर महाराज हसले नाहीत.

“सगळेच अर्धे राहतात?”

“सगळेच. हौसेनं घेतो. चार दिवस वेड्यासारखा खेळतो. मग ऑफिसचं काही निघतं, आईला दवाखान्यात न्यावं लागतं... महिन्यानं परत हातात घेतो, आणि...”

“आणि?”

“वेळ नाही महाराज. आमच्या वयाला वेळच उरत नाही.”

“मग नवा खेळ घेता, त्याला वेळ कुठून येतो?”

त्याचं नाव पराग. पुण्याच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि हाताखाली पुष्कळ माणसं होती. हे त्यानं आल्या आल्या, कुणी न विचारता सांगितलं होतं.

“तसं उत्तर माझं मीच काढलंय,” तो सावरून बसत म्हणाला. “पुढं काय होणार ते मला आधीच कळतं. कळल्यावर संपवायचं कशाला?”

“मग इथं कशाला आलात?”

...

त्यानं सारवलेल्या जमिनीवर बोटानं एक रेघ ओढली.

“मुलीमुळं,” तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “मुक्ता. कॉलेजला हॉस्टेलवर असते. जायच्या आधी आम्ही दोघांनी मिळून एक खेळ सुरू केला होता. एकानं दोर धरायचा, दुसऱ्यानं डोंगर चढायचा, असा. परवा घरी आली आणि म्हणाली, बाबा, आपला डोंगर राहिलाय. बसलो. पण कुठलं बटण कशाचं, मला आठवेचना. माझ्या हातून दोर सुटायचा, ती खाली पडायची. पुन्हा तेच. पुन्हा तेच...”

“चिडली?”

“नाही हो. हसत होती. बाबा, डावीकडचं दाबा, म्हणून सांगत होती. मलाच सहन होईना. म्हटलं, सोड हा, नवीन आणू, पहिल्यापासून खेळू. तर म्हणाली, राहू दे बाबा... तेव्हापासून खोलीतून बाहेर येत नाही. काही विचारतही नाही.”

आता कुणी हसलं नाही.

दिवेलागणीची वेळ झाली होती. आमच्या मठात पोथी रोज वाचली जाते आणि तिची एक रीत आहे. महाराज ज्याच्याकडं पोथी सरकवतील त्यानं ती आदल्या दिवशी जिथं थांबली तिथून पुढं वाचायची. पाहुण्यालाही सूट नाही. पोथी हातानं लिहिलेली आहे, जुन्या वळणाची, दोन शब्दांमध्ये जागा न सोडलेली.

महाराजांनी ती परागपुढं सरकवली.

“वाचा.”

परागचा चेहरा खुलला. शिकलेला माणूस, वाचायला काय जातंय! त्यानं सुटी पानं उचलली आणि तो पहिलं पान शोधू लागला. महाराजांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“इथून.”

“पण मागचं मला ठाऊक नाही. पहिल्यापासून घेतली तर छान वाचीन.”

“पहिलं पान इथं सगळ्यांनाच पाठ आहे.”

त्यानं सुरुवात केली. पहिल्याच ओवीत शब्द भलत्याच जागी तुटला. दुसरीत तो अडकला, मागं गेला, परत अडकला. वाती वळत बसलेल्या गंगूमावशींनी मान वर न करता पुढचा शब्द सांगितला. त्याचे कान लाल झाले.

तो थांबला.

“महाराज, सगळे ऐकताहेत.”

“हो.”

“मी चुकतोय.”

“हो.”

“उद्या येतो. जरा तयारी करून येतो.”

“उद्या पोथी पुढं गेलेली असेल.”

...

तो उठेल असं मला वाटलं. मी असतो तर उठलो असतो. अशा वेळी माणसाला आपली चप्पल कुठं काढली तेवढंच आठवतं.

“वाच रं बाबा,” गंगूमावशी म्हणाल्या. “कुनाला घाई न्हाई.”

तो वाचू लागला. लहान पोरासारखं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. अडला की मावशींकडं बघायचा, मावशी शब्द द्यायच्या, तो घ्यायचा. पानाच्या तळाशी एक अख्खी ओवी त्यानं कुणाच्या मदतीशिवाय म्हटली आणि स्वतःशीच हसला. त्या क्षणी तो मला फार आवडला, खरंच सांगतो.

तो पुढची ओवी म्हणू लागला तेवढ्यात महाराजांनी त्याच्यापुढून पोथी ओढून घेतली.

“अहो, ओवी अर्धीच राहिली!” पराग जवळजवळ ओरडला. “एवढी तरी संपवू द्या!”

महाराज पोथीला रुमाल गुंडाळत होते.

“पोरगी परत कधी जायची आहे?”

“...उद्या सकाळी.”

महाराजांनी रुमालाची गाठ मारली.

“मग आमच्यासमोर कशाला अडखळत बसलात?”