मोटेवरचे जुने गाणे

फार मागच्या काळी, शेताला मोटेने पाणी देत, तेव्हाची ही गोष्ट.

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. ती दोराने विहिरीत सोडायची. विहिरीपुढे उताराची वाट असे, तिला धाव म्हणत. बैल धाव उतरले की भरलेली मोट वर येई आणि पाणी पाटाला लागे. मग बैलांनी तोंड न वळवता उलट्या पावली धाव चढायची. मोट पुन्हा विहिरीत. असे दिवस मावळेपर्यंत.

मुलांनो, बैलाला उलटे चालवणे सोपे नाही. ते चाबकाने होत नाही. त्याला गाणे लागे.

एका गावात एक म्हातारा शेतकरी होता. त्याचे गाणे संथ होते. ते त्याच्या आज्याने आपल्या आज्याकडून घेतले होते. त्यामागे कोण, हे कोणाला ठाऊक नव्हते. गाण्यात ओढीची ओळ आली की बैल धाव उतरत. मग म्हातारा आवाज खाली आणून म्हणे, "सरा मागं, लेकरांनो, विहीर हाक मारती." बैल एकेक पाऊल मागे येत. पाणंदीने जाणाऱ्या बायका डोक्यावरचा भारा तसाच ठेवून ऐकत उभ्या राहत.

म्हातारा गेला. मोट मुलाच्या हाती आली.

"हे रडगाणं कुठवर ऐकायचं?" मुलगा म्हणाला. त्याने जत्रेतून नवे गाणे आणले. ठेका घाईचा होता. गावची पोरे टाळ्या पिटू लागली. पुढच्या जत्रेत दुसरे गाणे मिळाले, तेव्हा पहिले तो विसरून गेला.

जोडीतला तरणा बैल कसाबसा शिकला. म्हातारा बैल खाली जाई, पण मागे येईना. तिथेच उभा राही, वाट बघितल्यासारखा. जू तिरके होई. मुलगा चाबूक ओढी. एकदा बैल बुजला आणि झटक्याने वळला. मोट विहिरीच्या दगडावर आपटून फाटली. ती शिवून होईपर्यंत गहू सुकू लागला.

"बहिरा झालाय थेरडा," मुलगा म्हणाला. "उद्या बाजारात विकतो."

"बहिरा?" बायको म्हणाली. "कडबा तोडला तर गोठ्यातनं ऐकतो. तुमचं गाणं तेवढं ऐकंना झालाय. अन् असल्या बैलाला कोण घेतं, ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय. कसाई घेतो. तू भाकरी बांध."

"उपाशी जावा," ती म्हणाली, आणि आत गेली.

सकाळी तो दावे धरून निघाला. दोन शिवा ओलांडल्या. वाटेला परक्या गावची विहीर लागली. झाडांआडून मोटेच्या चाकाची करकर आली, आणि कोणाचा तरी आवाज. तेच गाणे होते.

बैल थांबला. आवाज खाली उतरला, "सरा मागं, लेकरांनो..." आणि भर रस्त्यात तो बैल उलट्या पावली चालू लागला. मानेवर जू नव्हते. मागे मोट नव्हती. मान खाली घालून तो धुळीत मागे मागे सरत होता.

बाजारकरी हसले. "अरं पाव्हण्या, बैलाला बाजार पटंना वाटतं!"

"शेपटीकडनं वढ की, पोचंल!"

मुलगा हसला नाही. लहानपणी धाव उतरताना बाप त्याला दोरावर पुढ्यात घेऊन बसे. गाताना बापाची छाती त्याच्या पाठीला लागे, आणि गाणे कानाआधी पाठीला कळे. ते त्याला आज आठवले.

तो विहिरीवर गेला. पांढऱ्या मिशांचा एक शेतकरी मोट हाकत होता.

"बाबा, हे गाणं तुमचं?"

"माझं कसलं? माझ्या आज्याचंबी न्हवं. हिरीच्या आधीचं हाय म्हणत्यात."

"माझ्या बापाचं हुतं. मला येत न्हाई. शिकवता?"

शेतकऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "बापाचं शेत घेतलंस, बैल घेतलास. गाणं तेवढं जड झालं व्हय रं?" मग तो सरकला. "बस. गळा नसला तर चालंल. घाई नको."

बाजार उठला तरी मुलगा तिथेच होता. संध्याकाळी तो बैल घेऊन घरी परतला.

दुसऱ्या दिवशी त्याने मोट धरली. आवाज फाटत होता. दोन जागी तो चुकला. पण आवाज खाली आला तेव्हा म्हातारा बैल मागे आला, आणि पाट वाहू लागला.

अर्धा गहू आधीच वाळला होता. तो गाण्याने हिरवा झाला नाही. उरलेला अर्धा वाचला. बैल पुढे आपल्याच गोठ्यात, म्हातारपणाने मेला.

जत्रेतली ती गाणी आज कोणाला येत नाहीत. मोटाही गेल्या. ते संथ गाणे मात्र अजून आहे. कोणी म्हणू लागले, की पारावरची माणसे बोलणे थांबवतात.

बोध एवढाच: पिढ्यांच्या कामात मुरलेले गाणे जुने होते, शिळे होत नाही.