रिळाचं तेल

कुपा मासा होडीएवढा असायचा, त्या काळातली ही गोष्ट. लहानमोठ्या कुठल्याही कुप्याला चालतील अशी गळाची दांडी, दोरी गुंडाळायचं रीळ आणि दोरी जानू तांडेलानं पारखून घेतली होती. रोज संध्याकाळी तो तिघांना गोड्या पाण्यानं धुवायचा, पण तेल घालायचा एकट्या रिळाला.

दांडीचा नुसता जळफळाट व्हायचा. "कंबर मोडेस्तोवर वाकते मी, आणि लाड ह्याचे," ती दोरीला म्हणायची.

एकदा मोठा कुपा गळाला लागला. तो खोल पळू लागला, तशी दांडी मुद्दाम ताठ राहिली. सगळा ताण रिळावर आला. ते गरगर फिरत, तापत दोरी सोडत राहिलं आणि शेवटी अडकलं. दोरी तुटली. कुपा गेला.

घरी जानूनं रीळ उघडलं. दोरीला आवर घालणाऱ्या आतल्या चकत्या करपून काळ्या पडल्या होत्या.

"हे आजचं?" दांडीनं हळूच विचारलं.

"थोडंसं आजचं," रीळ म्हणालं. "बाकी दर वेळचं. मी दोरी सोडली नाही तर तू मोडशील ना."

जानूनं तेलाची बाटली उचलली. आज थोडं जास्त घालावं, असं दांडीला पहिल्यांदाच वाटलं.