कुरडयांची राखण

एकदा एका वैद्यबुवांच्या सात वर्षांच्या नातीने, रेवूने, शेजारच्या गोदाक्कांच्या ओल्या कुरडयांवर माती टाकली. चुकून नव्हे. सकाळी चोरून चीक चाटताना गोदाक्कांनी कान धरला होता, त्याचा हा वचपा! तीन दिवस भिजवलेल्या गव्हाची सारी मेहनत वाया गेली.

गोदाक्का रेवूला दंडाला धरून घेऊन आल्या. “बघा लाडकीचे प्रताप! आजपासून माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाही हिनं.”

रेवू रोज दुपारी गोदाक्कांच्याच पंक्तीला जेवायची. हे ऐकून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तिची आई पदर खोचून पुढे झाली. “पण आधी तुम्हीच तिचा कान...”

“सूनबाई, थांबा,” वैद्यबुवा म्हणाले आणि त्यांनी गोदाक्कांना हात जोडले. “सांगायला आलात, उपकार झाले. गहू आमच्याकडून घ्या. पण कुरडया करताना रेवूला हाताशी घ्या आणि वाळवणाची राखणही तिलाच द्या.”

“हिला?” गोदाक्का बघतच राहिल्या. “बरं. एकदाच हं!”

तीन दिवस रेवूने नाक मुरडत आंबूस गव्हाचे पाणी बदलले. चौथ्या दिवशी ती काठी घेऊन उन्हात वाळवणापाशी बसली. वैद्यबुवांचा शिष्य तिथून निघाला, तर त्याच्यावरच ओरडली, “लांबून जा, दादा! धूळ उडते!”

शिष्य हसत गुरूंकडे आला. “बुवा, जिनं नासधूस केली तिलाच राखण? आणि तक्रार करणाऱ्या बाईंना नमस्कार?”

वैद्यबुवा म्हणाले, “लहानपणी मी शेजारच्या याच अंगणातली लोणच्याची बरणी फोडली होती. गोदाक्कांच्या सासूबाईंनी येऊन माझ्या आईला सांगितलं. आईनं मला पाठीशी घातलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मलाच कैऱ्या धुवायला बसवलं. चूक माझी होती, पण मी त्यांना नकोसा झालो नव्हतो. हे मला त्या कैऱ्या धुताना कळलं. त्या दोघींचे उपकार फेडायचे राहून गेले होते, बाळ. त्या दिवशी जोडलेले हात त्यांच्यासाठीही होते.”

तेवढ्यात शेजारून हाक आली.

“रेवे, जेवायला चल. पान वाढलंय. तोवर मी बसते राखणीला.”

रेवूने काठी गोदाक्कांच्या हाती दिली आणि बजावले, “कावळ्याकडे लक्ष ठेवा हं.”

वैद्यबुवांनी डोळे पुसले.